दोन पांढरे

“मोठं करायचं म्हणजे मोठं करायचं. त्यात एवढं निरखायचं काय? बसलीये आपली, बेऱ्या निवडल्यासारखी एकेक ठिपका निवडत…”

स्वयंपाकघरात कॉफीचं भांडं विसळता विसळता रौनो पुटपुटत होता. मधली भिंत लाकडाची, पातळ. पलीकडे लॅपटॉपसमोर बसलेल्या हेल्काला शब्दन् शब्द ऐकू येत होता. तिला ऐकू जावा म्हणूनच तो तेवढ्या आवाजात पुटपुटत होता.

हे खरं घडलेलं आहे. मी पदरचं काही घातलेलं नाही. घातलं असतं, तर शेवट जरा बरा केला असता.

हेल्का माझ्या नवऱ्याची चुलत बहीण. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने माझी नणंदच. वय एक्कावन्न. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज दीडशे पोरांचं जेवण रांधते. भुताखेतांसाठी तिच्याकडे वेळ नाही, आणि खोटं बोलायला लागणारी कल्पनाशक्ती तर त्याहून नाही.

तारीख २७ एप्रिल २०२३. गुरुवार. दुपारचे सव्वातीन.

रात्र नव्हती. अंधारही नव्हता. आमच्याकडे, इतक्या उत्तरेला, एप्रिलच्या शेवटी रात्री नऊपर्यंत लख्ख उजेड असतो. आधीच सांगून ठेवते, कारण ऐकणारे हमखास म्हणतात, अंधारात भास झाला असेल.

जागा, वाल्केयार्वी तळ्याच्या पूर्व काठावरचं रौनोचं घर. मागची खोली. खिडकी थेट तळ्यावर उघडणारी.

समोरच्या काठावर हेल्काच्या आईचं, आउनेबाईंचं घर. रस्त्याने जायचं तर तळ्याला वळसा घालून अडतीस किलोमीटर. बर्फावरून सरळ चाललं, तर दोनसुद्धा नाहीत.

या दोन आकड्यांमध्येच सगळी गोष्ट आहे.

तीस वर्षांपूर्वी या दोन काठांवर दोन मित्र राहायचे. पूर्वेला रौनो, पश्चिमेला हेल्काचा मोठा भाऊ इस्मो. दोघांनी मिळून संगणकावरचा एक खेळ बनवायला घेतला होता. रौनो खेळाचं डोकं लिहायचा, इस्मो चित्रं काढायचा. ठिपक्या-ठिपक्यांची चित्रं. रुंदीला तीनशे वीस ठिपके, उंचीला दोनशे, आणि रंग फक्त सोळा.

इस्मो ही विद्या कुठल्या शाळेत शिकला नव्हता. आईच्या मांडीशी बसून शिकला होता.

आउनेबाई फुल्यांचं भरतकाम करतात. चौकटीच्या कागदावर नंबर लिहिलेले असतात. तीन नंबर म्हणजे निळा दोरा, सात म्हणजे तांबडा. कापडावर रंग नसतोच, नंबर असतो, आणि त्या नंबराला कुठला दोरा लावायचा ते आपण ठरवायचं. ठिपक्यांच्या चित्राचंही तंतोतंत तसंच. प्रत्येक ठिपक्यापाशी फक्त नंबर, आणि रंगांची पेटी वेगळी. पेटीतला सात नंबर बदलला, की चित्रातले सगळे सात नंबरचे ठिपके क्षणात बदलतात.

आउनेबाईंची एक खोड होती. पांढऱ्या मेजपोशावर त्या आपली सही पांढऱ्याच दोऱ्याने घालायच्या. पण लडी वेगळी. म्हणजे पांढरे दोन. नुसत्या डोळ्याला एकच. “ज्याला माहीत आहे त्यालाच दिसावी,” त्या म्हणायच्या.

इस्मोने ती खोड उचलली. त्याच्या रंगपेटीत एक नंबर पांढरा असायचा आणि पंधरा नंबरही पांढराच. पंधराने तो चित्राच्या कोपऱ्यात, बर्फात, सही करायचा. सोळा रंगांतला एक रंग असा उधळायचा, म्हणून रौनो त्याच्यावर करवादायचा. पण इस्मो कुणाचं ऐकणाऱ्यातला नव्हता. घरात शिरतानासुद्धा ओसरीवर बुटांचा बर्फ झाडायची त्याची स्वतःची तऱ्हा होती. डावा पाय दोनदा आपटायचा, उजवा एकदा. आई विचारायची, “तुझा एक पाय जास्त मळतो का रे?”

खेळात बारा चित्रं असायची होती. बाजारात आला, तेव्हा त्यात अकराच होती. बाराव्याच्या जागी नुसतं बंद दार.

कारण १९९३ च्या २७ एप्रिलला, मंगळवारी दुपारी, इस्मो बर्फावर गेला आणि परत आला नाही. वय चोवीस.

तळ्याने फक्त एक हातमोजा परत दिला.

एप्रिलचा बर्फ फसवा असतो. हातभर जाड दिसतो, आणि असतोही. पण उन्हाने तो आतून उभ्या सुयांचा होतो. रात्रीच्या थंडीने सुया एकमेकींना धरून बसतात. दुपारी सोडतात. सकाळी ज्यावरून माणूस शीळ घालत जाईल, त्याच बर्फात दुपारी तो उभाच्या उभा जातो. फुटल्याचा आवाजसुद्धा नाही. नुसती किणकिण… काचेच्या बांगड्या हातातून निसटाव्यात तशी.

हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. इस्मो तर तळ्याकाठीच वाढलेला.

मग तो दुपारी का गेला?

हे कुणी विचारलं नाही. जाळं बघायला गेला असेल, असं ठरलं. बारावं चित्र त्याने काढलंच नव्हतं, असं रौनोने सांगितलं. आणि आउनेबाईंनी स्वतःपुरता एक शब्द शोधला. आजपर्यंत त्या तोच वापरतात. इस्मो “पलीकडे गेला”. बुडाला हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नाही. मी सून म्हणून आले त्या आठवड्यातच मला हे बजावलं गेलं.

त्या वर्षापासून रौनो आउनेबाईंचा मुलगाच झाला. अडतीस किलोमीटर गाडी हाणत येतो. छपरावरचा बर्फ काढतो, सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, लाकडं फोडतो, त्यांना दाताच्या डॉक्टरकडे नेतो. लग्न केलं नाही. गाव म्हणतं, असा शेजारी मिळायला नशीब लागतं. आउनेबाई त्याला जेवू घालतात, आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहतात.

आता एक गोष्ट, जी हेल्काने तीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

त्या मंगळवारी दुपारी एक वाजता घरात फोन वाजला होता. तो तिने उचलला होता. पलीकडून दोनच शब्द आले. “इस्मोला दे.”

आवाज तिने ओळखला होता.

संध्याकाळी पोलिसांनी विचारलं, कुणाचा फोन वगैरे? तेव्हा खिडकीबाहेर तिला रौनो दिसत होता. शिडी आडवी टाकून, पोटावर सरपटत तो दोनदा बर्फावर गेला होता. दोनदा त्याला दोर लावून ओढून काढावं लागलं. ओठ निळे पडलेले, कुणाचं ऐकत नव्हता.

ती म्हणाली, “नाही.”

एवढासा शब्द. एका ठिपक्याएवढा. पण ती मला म्हणाली, “वहिनी, ठिपका चारपट मोठा केला की एकाचे सोळा होतात. नवीन काहीच त्यात येत नाही. जे आहे तेच मोठं होतं. त्या ‘नाही’चं तसंच झालं.”

रौनो आहे म्हणून आईचं छप्पर शाबूत आहे. मग कोण बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

आता २०२३. एका परदेशी कंपनीला तो खेळ नव्या पडद्यांसाठी पुन्हा काढायचा होता. त्यासाठी अकराही चित्रं चारपट मोठी करायची होती. रौनोने काम हेल्काला दिलं. दुसरं होतं कोण? चाळिशीनंतर, इस्मोच्या जुन्या फ्लॉप्या बघून बघून ती स्वतःच ही चित्रं शिकली होती. शाळेतल्या प्रत्येक पोराचं बत्तीस बाय बत्तीस ठिपक्यांचं चित्र काढून तिने स्वयंपाकघराच्या दारावर लावलंय.

मोठं करण्यात फार काही नसतं. एका ठिपक्याचा चार बाय चारचा चौकोन होतो, बस. फक्त ‘गुळगुळीत करा’ ही खूण चुकूनही ठेवायची नाही. ती राहिली, की दोन रंगांच्या मधले, कुणीही न काढलेले अर्धवट रंग चित्रात शिरतात. म्हणून हेल्का प्रत्येक चित्राचे ठिपके आधी मोजायची, मोठं केल्यावर पुन्हा मोजायची. मोजणीच्या खिडकीत प्रत्येक नंबरचा आकडा दिसतो, तळाशी बेरीज. चौसष्ट हजार. नंबरनिहाय आकडा बरोबर सोळापट आला, की चित्र शुद्ध.

शिवाय प्रत्येक चित्रात ती एक गोष्ट स्वतःसाठी करायची. पंधरा नंबरचा पांढरा क्षणभर भडक गुलाबी करायची. बर्फाच्या कोपऱ्यात इस्मोची सही उमटायची. ती बघायची, आणि रंग परत पांढरा करून ठेवायची.

अकरा चित्रं, अकरा सह्या. बुधवारपर्यंत सगळं झालं होतं, फक्त शेवटची तपासणी उरली होती.

गुरुवारी रौनोने दिलेलं खोकं आवरताना तळाशी आणखी एक फ्लॉपी निघाली.

वर चिठ्ठी. चिठ्ठीवर इस्मोच्या अक्षरात आकडा… १२.

चिठ्ठी कोरडी होती. पण तिला सुरकुत्या पडल्या होत्या. कागद भिजून वाळला की पडतात तशा.

रौनो नुकताच तिच्यापुढे कॉफी ठेवून सरपणाच्या खोपटाकडे गेला होता. कुऱ्हाडीचे ठोके ऐकू येत होते. हेल्काने फ्लॉपी वाचनयंत्रात घातली.

चित्र उघडलं.

तळं. सगळीकडे पांढरं. खाली हेल्काच्या आईच्या घराचा लाकडी धक्का. वर, पलीकडच्या काठावर, झाडांची काळी रांग. त्या रांगेत एक घर, आणि घराला एक खिडकी. एकच पिवळा ठिपका.

ती त्याच खिडकीत बसली होती.

आनंदाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, हे तिने मला कबूल केलंय. त्याने काढलं होतं तर बारावं. तिने सवयीने पंधरा नंबर गुलाबी केला.

कोपऱ्यात सही नव्हती.

धक्क्यापासून निघालेली ठिपक्यांची एक रांग होती. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक डावीकडे… बर्फावरून वर चढत जाणारी. मध्याच्या बऱ्याच पुढे जाऊन थांबलेली.

पावलं.

पांढऱ्यावर पांढरी.

तिने मोजणी बघितली. पंधरा नंबर… एक्केचाळीस.

आता एक्केचाळीसचे सोळापट सहाशे छप्पन्न. तिने चित्र चारपट केलं. बाहेर तळ्याकडून बारीकशी किणकिण आली. एकदाच.

मोजणीत आकडा होता… सहाशे बहात्तर.

म्हणजे बेचाळीस पावलं.

आपलंच चुकलं, ती म्हणाली. गुळगुळीतची खूण राहिली असेल. बघितलं, खूण नव्हती. आणि असती तरी त्याने अर्धवट रंग येतात, पाऊल येत नाही. तिने मूळ चित्र पुन्हा उघडलं.

बेचाळीस.

फ्लॉपीवर कुणी काही लिहिलं नव्हतं. वाचनयंत्राला लिहिता येतच नाही. त्याला फक्त वाचता येतं.

तिने पुन्हा मोठं केलं. पुन्हा ती किणकिण.

सहाशे अठ्ठ्याऐंशी.

त्रेचाळीस.

रांगेचं टोक वर सरकलं होतं. पिवळ्या ठिपक्याच्या रोखाने.

हेल्काने लॅपटॉप मिटला.  खिडकीतून बाहेर बघितलं. आदल्या रात्री थोडा बर्फ भुरभुरला होता, त्यामुळे करडं तळं पुन्हा पांढरं झालं होतं. स्वच्छ. या काठाला एकही खूण नव्हती. तळ्यावर माणूस नाही, कुत्रं नाही, कावळासुद्धा नाही.

तिने आईला फोन लावला. बोलायचं काही नव्हतं. नुसता आवाज ऐकायचा होता.

आउनेबाई वाप्पूसाठी डोनट तळत होत्या. पहिली मे चार दिवसांवर आली होती. वय ब्याऐंशी, पण सणाचे डोनट विकतचे आणलेले त्यांना खपत नाहीत. तेल फार तापलंय, साखर कमी पडणार, हेल्का येताना घेऊन ये, असं सगळं झालं. मग त्यांनी एकदम विचारलं.

“रौनो आहे ना गं तिथे?”

“आहे. लाकडं फोडतोय. का?”

“बर्फावर कुणीतरी गेलंय. आपल्या धक्क्यावरून. मी खिडकीतून बघतेय.”

 हेल्काने विचारलं, कुणी म्हणजे कोण?

“माणूस दिसत नाही. पावलं दिसतायत. कालच्या भुरभुरीवर. एकाच माणसाची. जातानाची आहेत, येतानाची नाहीत.” आउनेबाईंचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. “डावा पाय जरा बाहेर पडतोय चालताना…”

पुढचं वाक्य आलं नाही. तेलाचा चुरचुर आवाज तेवढा येत राहिला.

“आई?”

“काही नाही. डोनट करपतायत माझे.” आणि मग, फोन ठेवता ठेवता, अगदी हळू, “रौनोला म्हणावं, घरातच थांब.”

फोन बंद झाला.

तेव्हा तिच्या लक्षात आलं… कुऱ्हाडीचे ठोके थांबले होते.

तिने लॅपटॉप पुन्हा उघडला. न उघडून करणार काय? उघडला नाही, तर ती रांग चालायची थांबली असती का?

मूळ चित्राच्या मोजणीत पंधरा नंबर… एकोणपन्नास.

मधल्या वेळात कुणी कशाला हात लावला नव्हता.

मागे दार वाजलं. ती दचकून वळली. रौनोच होता. हातात लाकडं, दाढीत भुसा. “कॉफी गार केलीस ना? एवढी चांगली—”

त्याची नजर पडद्यावर गेली.

लाकडं खाली पडली नाहीत. त्याने ती एकेक करून, फार हळू, भट्टीपाशी ठेवली. जणू जरा आवाज झाला तर काहीतरी जागं होईल.

“हे कुठून आलं?” तो म्हणाला.

“तुझ्याच खोक्यातून. तळाला होतं.”

“नव्हतं.”

“रौनो, मी हाताने काढलंय ते.”

“तीस वर्षं ते खोकं माझ्या पलंगाखाली आहे, हेल्का. त्यात अकरा आहेत. मला नीट माहीत आहे त्यात किती आहेत.”

तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. पडद्यावरच्या गुलाबी रांगेवरून त्याची नजर खालून वर चढत गेली. धक्क्यापासून खिडकीपर्यंत. खिडकीशी आली तशी त्याने ती झटकन काढून घेतली.

तळ्याकडून किणकिण आली. या वेळी जवळून.

पन्नास. शेवटचा ठिपका पिवळ्या खिडकीच्या खाली, घराला टेकला होता.

“पुसून टाक,” रौनो म्हणाला.

हेल्काने लॅपटॉपवरचा हात काढून घेतला.

“दोन पांढऱ्यांचा एक कर. तुझ्या त्या यंत्रात बटण आहे ना, एकसारखे रंग एकत्र करा म्हणून? दाब ते.”

तसं बटण होतं. दाबलं, की पंधराचे सगळे ठिपके एक नंबरचे होणार. पांढऱ्यात पांढरं मिसळणार. मग कुणी रंग बदलो, काही करो, ती पावलं पुन्हा कधी वेगळी निघणार नाहीत. हेल्काला कळत होतं, तिच्या भावाचं या जगात उरलेलं शेवटचं काही असेल, तर ते हे. आणि तिला हेही कळत होतं, की ते या घराकडे चालत येतंय.

ती म्हणाली, “आधी सांग. त्याने बारावं काढलंच नव्हतं, असं तू सगळ्यांना सांगितलंस. मग बघितल्याबरोबर तुला कसं कळलं, हे काय आहे?”

 रौनोने तिच्या खांद्यावरून हात पुढे घातला, आणि बटण स्वतः दाबलं.

गुलाबी रांग गेली.

तळं पांढरंशुभ्र. कधी कुणी त्यावर चाललंच नव्हतं, असं.

रौनोने श्वास सोडला. हेल्काच्या डोळ्यांसमोर मोजणीची खिडकी उघडीच होती. पंधरा नंबर… शून्य. बरोबर. आता एक नंबरचा आकडा पन्नासने वाढायला हवा.

वाढला नव्हता.

तिने तळाची बेरीज बघितली.

त्रेसष्ट हजार नऊशे पन्नास.

मी तिला तीनदा विचारलं, यात एवढं काय? तिने मला समजावलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. रुंदीला तीनशे वीस, उंचीला दोनशे, म्हणजे चौसष्ट हजार. चित्राला भोक पडत नाही. भरतकामात एखादी फुली राहून जाईल, पण इथे तेही शक्य नाही. रंग बदलेल, नंबर बदलेल, पण ठिपका कुठे जात नाही.

ते पन्नास ठिपके पांढऱ्यात मिसळले नव्हते.

ते चित्रातून उठून गेले होते.

पुढचं आधी सांगून टाकते. मला शेवट दुसऱ्याच जागी करायचाय.

थोड्या वेळाने त्यांनी ओसरीचं दार उघडलं, तेव्हा बाहेर कुणीही नव्हतं. पायऱ्या ओल्या होत्या. एप्रिलमध्ये पायऱ्या ओल्या असायला दहा कारणं असतात, हे मलाही कळतं. ती फ्लॉपी त्यानंतर कुठल्याच यंत्राने वाचली नाही. खेळ नव्याने आला, पण त्यात चित्रं अकराच.

रौनो त्याच संध्याकाळी गाडी घेऊन अडतीस किलोमीटर गेला. आउनेबाईंच्या स्वयंपाकघरात दार लावून तासभर बसला. आत काय बोलणं झालं, ते दोघांनीही सांगितलं नाही. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात डोनटचा डबा होता. लाकडं अजून तोच फोडतो. पण आउनेबाई आता त्याच्याकडे पूर्वीसारख्या बघत राहत नाहीत.

हेल्काने आठवणीतून त्या चित्राचा चौकटीचा कागद बनवला, आणि आईने त्या हिवाळ्यात तो कापडावर भरला. आमच्याच दिवाणखान्यात लावलाय. पांढऱ्यावर पांढरी पावलं. उन्हात तिरकं बघितलं की दिसतात. धूळ पुसताना मी एकदा मोजली.

परत मोजणार नाही.

तर, त्या दुपारी.

पडद्यावर त्रेसष्ट हजार नऊशे पन्नास. हेल्का आकड्याकडे बघत होती. रौनो तिच्या मागे.  घड्याळात पावणेचार. बाहेर लख्ख उजेड. तळ्याची किणकिण पूर्ण थांबली होती. इतकी, की छपरावरून ठिबकणारं पाणीही थांबल्यासारखं वाटलं.

आणि ओसरीच्या लाकडावर आवाज झाला.

ठप… ठप.

मग जरा थांबून…

ठप.

डावा दोनदा. उजवा एकदा.

हेल्का उठली नाही.  तिने फक्त मान वळवून रौनोकडे बघितलं. पंचावन्न वर्षांचा तो धिप्पाड माणूस दाराकडे तोंड करून उभा होता, आणि त्याचा चेहरा पंचवीस वर्षांच्या पोरासारखा झाला होता. शिडीवर पालथा पडलेल्या त्या पोरासारखा.

कडी वाजली नाही. दार ढकललं गेलं नाही. जो कुणी बाहेर होता, तो वाट बघत होता. आत बोलावल्याशिवाय इस्मो कधी कुणाच्या घरात शिरत नसे.

हेल्काला वाटलं, आपण बोलावं. फोन मी उचलला होता, मला आवाज माहीत होता. तीस वर्षांचा तो एवढासा ठिपका तिच्या जिभेच्या टोकाशी आला…

पण आधी रौनोच बोलला. तिच्याशी नाही. दाराशी.

“सकाळी बर्फ घट्ट होता रे,” तो म्हणाला. “मी स्वतः भोक पाडून मोजला होता, चाळीस सेंटिमीटर. टपालाची बस पाचला होती, खेळ तिनेच जायचा होता. म्हणून तुला दुपारी फोन केला, आणि म्हणालो, चित्र घेऊन चालत ये, बर्फ धरेल. इस्मो… तुला मी बुडवलं.”